पोराच्या मांडीतली गाठ: सुरी लावण्याआधी काय करायचं आणि पुढं काय

सांगली-साताऱ्याकडं पोराच्या अंगावर गाठ दिसली की पहिलं निदान घरातच होतं. तालमीत जाणारा असला तर मुका मार, क्रिकेट खेळणारा असला तर बॉल लागला असेल, आणि मुलगी असली तर ‘वाढतं अंग आहे, जिरेल’. मग हळदीचा लेप, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, तेल लावून चोळणं. त्यानंही जिरली नाही तर गावातल्या छोट्या दवाखान्यात भूल देऊन गाठ ‘काढून टाकणं’. बहुतेक वेळा हे खपून जातं, कारण मुलांच्या अंगावरच्या बहुतेक गाठी खरोखरच साध्या असतात: चरबीची गाठ, सुजलेली लसिकाग्रंथी, मनगटावरचा गँगलियन, रक्तवाहिन्यांचा गुच्छ. हा लेख उरलेल्या थोड्या गाठींबद्दल आहे.

स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, सांध्याभोवतीचे पडदे अशा शरीरातल्या मऊ भागांत होणाऱ्या कर्करोगाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात, इथं त्याला नुसतं सार्कोमा म्हणू. लहान मुलांच्या सगळ्या कर्करोगांत याचा वाटा साधारण ७ टक्के, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या रॅब्डोमायोसार्कोमाचा, म्हणजे स्नायूच्या वळणाच्या पेशींच्या सार्कोमाचा. बाकीच्या निम्म्यात कितीतरी वेगवेगळे प्रकार विभागलेले. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या डॉक्टरलाही असा रुग्ण क्वचितच दिसतो. म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण घरच्यांनी सावध राहण्यात आहे.

मिरजेत रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर बसून त्यांचे कागद लावून देताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. उशीर झालेला असतोच, पण त्याहून जास्त नुकसान क्रम चुकल्यानं झालेलं असतं. आधी कापली, मग तपासली, मग फोटो काढला. हाच क्रम उलटा हवा: आधी फोटो (सोनोग्राफी, एमआरआय), मग तुकडा (बायोप्सी), मग रोगाचं नाव, मग उपचाराचा आराखडा, आणि त्यात शस्त्रक्रिया जिथं बसेल तिथं.

कोणत्या गाठीकडं काणाडोळा करायचा नाही

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असलेली गाठ. कातडीखाली सुटी न फिरता खोल स्नायूत रुतलेली गाठ. स्नायू आवळल्यावर गाठ हलेनाशी झाली तर ती खोल आहे असं धरून चाला. आठवड्या-आठवड्यानं वाढणारी गाठ, आणि एकदा काढून पुन्हा त्याच जागी आलेली गाठ. यातलं एक जरी लागू पडलं तरी ती साधी नाही असं सिद्ध होईपर्यंत तिला संशयित धरायचं.

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा समज. सार्कोमा बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. उलट गुडघ्या-घोट्याजवळ होणारा सायनोव्हियल सार्कोमा कधी दुखतो, आणि इतका सावकाश वाढतो की वर्ष-दोन वर्षं लोक त्याला जुनी लचक समजून पट्टी बांधत राहतात. हा मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण मुलांचा रोग आहे. त्यामुळं वस्तादांनाही सांगावंसं वाटतं: पोराचा मुका मार तीन-चार आठवड्यांत उतरला नाही, उलट घट्ट झाला, तर त्याला चोळायला देऊ नका, सोनोग्राफीला पाठवा. मार लागल्यामुळं सार्कोमा होतो याला आधार नाही. मार लागतो, हात तिथं जातो, आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते, एवढंच.

गाठ हातापायातच असते असंही नाही. लहानग्यांमधला रॅब्डोमायोसार्कोमा डोक्या-मानेत आणि मूत्रमार्गाच्या परिसरात जास्त दिसतो. एक डोळा काही दिवसांत पुढं येणं, एकाच नाकपुडीतून रक्ताळ पाणी येऊन ती बंद होणं, औषधं घेऊनही कान वाहत राहणं आणि आत मांस दिसणं, मुलाच्या वृषणाजवळ न दुखणारी सूज, लघवी अडणं, लहान मुलीच्या योनिमार्गातून मांसाचा गोळा बाहेर येणं किंवा रक्त जाणं. मुलीच्या बाबतीतलं लक्षण लाजेपोटी आई आठवडे लपवते. लपवू नका.

संशय आला की चोळणं, शेकणं, लेप सगळं त्या दिवशी थांबवायचं. गाठीच्या दोन कडांवर पेननं खूण करून टेपनं माप घ्या, तारखेसह मोबाइलवर फोटो काढा. एवढं केलं तरी डॉक्टरांच्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं तयार होतात.

शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. त्या दिवशी पोराला ‘डॉक्टरांना गाठ दाखव’ एवढं सांगून पाठवा. तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

आधी फोटो

सुरुवात सोनोग्राफीनं. ती स्वस्त आहे, सुई-भूल काही लागत नाही, आणि गाठ पाण्याची की घट्ट, वर की खोल, आत रक्तपुरवठा किती हे कळतं. सोबत साधा एक्स-रे, हाड बाधित आहे का किंवा गाठीत चुना साठलाय का ते पाहायला. सायनोव्हियल सार्कोमात असे चुन्याचे ठिपके बऱ्याचदा दिसतात.

सोनोग्राफीत शंका आली की एमआरआय, तोही शिरेतून औषध देऊन. सांगली, मिरज, कराड, सातारा या चारही ठिकाणी ही सोय आहे, यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. पण एमआरआय बायोप्सीच्या आधी झाला पाहिजे. सुई टोचल्यावर आत रक्त साठतं, सूज येते, आणि मग गाठीची खरी हद्द कुठं संपते हे फोटोत ओळखू येत नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला झोपेचं औषध द्यावं लागतं, म्हणून किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशीच फोन करून विचारा. रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या. पुढचा सर्जन रिपोर्ट वाचत बसत नाही, तो स्वतः फोटो पाहतो.

‘रक्ताच्या तपासणीत काही आलं नाही’ म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. सार्कोमा ओळखणारी अशी रक्ततपासणी नाही.

मग तुकडा, आणि इथं घाई नको

सगळा खेळ या पायरीवर आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

बायोप्सी म्हणजे गाठीतून जाड सुईनं काढलेले काडीसारखे बारीक तुकडे. याला ट्रू-कट किंवा कोअर बायोप्सी म्हणतात. बारीक सुईनं पेशी ओढून केलेली एफएनएसी इथं बहुतेक वेळा पुरत नाही. पेशी दिसतात, पण प्रकार ठरवायला आणि जनुकीय तपासण्यांना लागणारा माल त्यात नसतो.

बायोप्सी कुणी करायची? जो पुढं गाठ काढणार आहे त्यानं, किंवा त्याच्या सांगण्यावरून रेडिओलॉजिस्टनं. कारण सुई ज्या वाटेनं आत गेली ती वाट नंतरच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच काढावी लागू शकते. मांडीच्या पुढच्या बाजूनं शस्त्रक्रिया ठरणार असेल आणि कुणी मागून सुई घातली असेल, तर मागचेही स्नायू गमवावे लागतात. उघडी बायोप्सी करायचीच वेळ आली तर हातापायावरचा छेद उभा, हाडाच्या लांबीच्या दिशेनं हवा. आडवा छेद दिसायला बरा असतो, पण पुढं दुप्पट कातडी काढायला लावतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘बायोप्सी कशाला, सगळीच काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे थांबवा. ही साध्या गाठीची पद्धत आहे. सार्कोमाला बाहेरून एक पातळ आवरण दिसतं आणि गाठ त्यातून सोललेल्या शेंगदाण्यासारखी सहज सुटून येते. सर्जन खूश, घरचे खूश. पण ते आवरण खरं नसतं, रोगाच्या पेशी त्याच्या बाहेरही असतात. अशा ‘सहज निघालेल्या’ गाठींच्या जागी पुन्हा शस्त्रक्रिया केली तर बऱ्याच मुलांत रोगाचे अवशेष सापडतात, आणि तोवर अख्खी जखम, टाके, नळीची जागा हे सगळं दूषित धरावं लागतं.

घरातून विरोध येतो तो वेगळाच. आजी दारातच उभी असते: “सुई लावली की गाठ भडकती म्हणत्यात. आमच्या भावकीतल्याचं तसंच झालं, सुई लावली आणि सहा म्हयन्यात गेलं.” यावर वाद घालू नये. सांगावं की त्या माणसाचा रोग सुईच्या आधीच वाढलेला होता, सुईनं फक्त त्याचं नाव कळलं. जागा पाहून नीट केलेल्या बायोप्सीनं रोग पसरण्याचा धोका अगदी नगण्य असतो. नाव न कळता केलेल्या उपचाराचा धोका प्रचंड असतो.

तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला की पॅथॉलॉजीत त्याचं काय होतं हे माहीत असू द्या, कारण पुढं तुम्हाला तेच मागायला जायचंय. तुकडा मेणात घट्ट बसवतात. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची चपटी चौकट, तिच्यात पांढरट मेण, मेणात तांबूस ठिपका, आणि कडेवर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. हा झाला ब्लॉक. याच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन रंगवल्या की स्लाइड. पुढच्या सगळ्या तपासण्या या ब्लॉकवर होतात. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर ते जुना रिपोर्ट तसाच मान्य करत नाहीत, ब्लॉक आणि स्लाइड मागतात. ते रुग्णाच्या हक्काचे आहेत, अर्ज करून सही करून मिळतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. हातातल्या पिशवीत ठेवा.

रिपोर्टमध्ये काय वाचायचं

पहिला रिपोर्ट बऱ्याचदा अर्धवट वाटतो: ‘गोल पेशींची गाठ’ किंवा ‘स्पिंडल सेल गाठ’. हे नाव नाही, फक्त गट आहे. त्यावर थांबून उपचार सुरू होत नाहीत. पुढं आयएचसी नावाच्या रंगतपासण्या होतात. डेस्मिन आणि मायोजेनिन पॉझिटिव्ह आले तर पेशी स्नायूच्या वळणाच्या, म्हणजे रॅब्डोमायोसार्कोमा. त्यानंतर जनुकीय तपासणी, आणि ती चैन नाही. रॅब्डोमायोसार्कोमात फॉक्सओ-वन जनुकाची जोडणी सापडली तर रोग जास्त आक्रमक मानतात आणि उपचार वाढवतात. सायनोव्हियल सार्कोमात एसएस-१८ ची जोडणी सापडते, हाडाबाहेरच्या युइंग सार्कोमात ईडब्ल्यूएसआर-१ ची.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या हातापायावर भराभर वाढणारी गाठ असेल तर एनटीआरके या जनुकाची तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा. बाळांच्या फायब्रोसार्कोमात हा बदल वारंवार दिसतो आणि त्याच्यावर लारोट्रेक्टिनिबसारखं नेमकं औषध आहे, ज्यानं हात-पाय वाचू शकतो.

एक वेगळा प्रकार सांगून पुढं जातो: डेस्मॉइड. हा आजूबाजूच्या स्नायूंत घुसतो पण दूर पसरत नाही. तरुण मुला-मुलींत दिसतो. पूर्वी तो लगेच कापायचे, आणि तो पुन्हा पुन्हा यायचा. आता बऱ्याच रुग्णांत आधी एमआरआयनं नजर ठेवतात. काहींत तो आपोआप थांबतो, आक्रसतो. डॉक्टर ‘सध्या काही करायचं नाही’ म्हणाले तर त्यांना तुमच्या पोराची पडलेली नाही असा अर्थ काढू नका.

नाव ठरल्यावर रोग कुठवर गेलाय ते पाहतात. सार्कोमाची पहिली झेप फुप्फुसात असते, म्हणून छातीचा सीटी स्कॅन जवळपास प्रत्येकाला लागतो. रॅब्डोमायोसार्कोमात लसिकाग्रंथी आणि अस्थिमज्जाही तपासावी लागते. पेट-सीटी अंगात रोग कुठं कुठं आहे ते एकाच वेळी दाखवतो.

कुठं जायचं, पैसे कुठून

इथं माझं मत स्पष्ट आहे. आराखडा मोठ्या केंद्रात ठरवा आणि त्यातलं जेवढं होईल तेवढं घराजवळ करा. मुलांचा कर्करोगतज्ज्ञ, सार्कोमाची शस्त्रक्रिया करणारा सर्जन, रेडिएशनतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसून फाइल पाहतात अशी जागा हवी. आपल्याकडून परळचं टाटा मेमोरियल हे नेहमीचं ठिकाण. १९४१ साली सुरू झालेलं, आणि लहान मुलांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग असलेलं. त्यांच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन किरणांची सोय आहे, जी डोळ्या-मेंदूजवळच्या गाठींना उपयोगी पडते. पुण्यातही चांगली केंद्रं आहेत. मिरज, कराड, साताऱ्यात कर्करोगाची रुग्णालयं आहेत. तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा, “मुलांच्या सार्कोमाच्या किती केसेस तुमच्याकडं होतात, आणि टाटाच्या आराखड्याप्रमाणं केमो इथं देता येईल का?” चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

जाण्यासाठी सांगली-मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. सकाळी दादरला उतरलं की परळ जवळच. साताऱ्याचं स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे, तेवढा रिक्षाचा हिशेब ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीला रेल्वेचं भाडं माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो, तो पहिल्याच भेटीत भरून घ्या. एसटीतही कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षं टाटाच्या रुग्णांना आसरा देते. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये आईबापासह मोफत राहता येतं, मात्र तिथं थेट जाऊन जागा मिळत नाही, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून नाव जावं लागतं. म्हणून रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांच्या रांगेआधी एकजण समाजसेवा विभागाच्या रांगेत लावा.

पैशांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, २०१७ पासून हे नाव. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. पण ही योजना बिनपैशाच्या उपचाराची आहे, भरलेले पैसे परत देणारी नाही. आधी रोख भरून नंतर पावत्या घेऊन गेलेले कितीतरी लोक रिकाम्या हातानं परतले आहेत. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, पूर्वमंजुरी घ्या. रेशनकार्डात मुलाचं नाव चढलेलंच नाही, ही अडचण हमखास निघते. तहसीलमध्ये ते काम बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतच्या आठवड्यात उरकून घ्या. योजनेची मदतवाहिनी १५५३८८. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीत अर्ज करता येतो. उसाचं बिल कधी जमा होईल याची वाट पाहत उपचाराची तारीख पुढं ढकलू नका.

उपचार: तिन्ही हत्यारं, आपापल्या जागी

रॅब्डोमायोसार्कोमात केमोथेरपी प्रत्येक मुलाला लागते, गाठ पूर्ण निघाली असली तरी. अमेरिकेतल्या पद्धतीत व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, युरोपच्या पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइडऐवजी आयफॉस्फामाइड. साधारण दर तीन आठवड्यांनी मोठं चक्र, मधल्या काही आठवड्यांत फक्त व्हिन्क्रिस्टिन. काही मुलांना शेवटी सहा महिने कमी मात्रेचं देखभालीचं औषध. एकूण सहा महिने ते वर्षभर किंवा थोडं जास्त. सायनोव्हियल सार्कोमात मुख्य भार शस्त्रक्रियेवर. गाठ मोठी असेल तर आयफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीचा निरोगी थरही काढतात. पाय कापायची वेळ आता क्वचित येते, बहुतेकांचा अवयव वाचवता येतो. गाठ अवघड जागी असेल तर आधी केमोनं तिला लहान करून मग सर्जन हात घालतो.

रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज काही मिनिटं, पाच-सहा आठवडे. उदाहरणार्थ ५०.४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप) मात्रा रोज १.८ ग्रेनं दिली तर २८ बैठका. वेदना होत नाही, पण लहानग्याला हलू न देण्यासाठी रोज भूल द्यावी लागते. वाढत्या हाडावर परिणाम होऊन एक पाय थोडा आखूड राहू शकतो. हे आधी विचारा, ऐका, आणि तरीही गरज असेल तर नाकारू नका.

कारण नेमकं इथंच लोक सोडून जातात. दोन-तीन चक्रांत गाठ हाताला लागेनाशी होते, पोरगं खेळायला लागतं, आणि घरात सूर निघतो, “आता बरा झालाय, कशाला त्याला जाळायचं?” हाताला न लागणारी गाठ आणि नसलेली गाठ यांत लाखो पेशींचा फरक असतो. परत आलेला रोग पहिल्याच औषधांना दाद देईल याचा भरवसा नसतो. पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या अभ्यासगटांत कमी जोखमीच्या रॅब्डोमायोसार्कोमाची दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात, आणि फुप्फुस-हाडांपर्यंत पसरल्यावर हे प्रमाण तिघांत एकाच्याही खाली येतं. पहिल्या संधीची किंमत या दोन आकड्यांतल्या अंतराएवढी आहे.

केमो सुरू होण्याआधी एक विषय काढावा लागतो, आणि घरात कुणी काढत नाही. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइडमुळं पुढं मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. वयात आलेल्या मुलाचं वीर्य आधीच गोठवून ठेवता येतं. त्याला एक-दोन दिवसच लागतात. हे बोलणं डॉक्टरांनी मुलाशी एकट्यानं करावं, काका-मामांच्या घोळक्यात नाही. मुलींसाठीही उपाय आहेत, पण त्यांना वेळ जास्त लागतो, म्हणून लवकर विचारा.

आणि पोराला खरं सांगा. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे. औषधाचं नाव बाटलीवर वाचून त्याला दहा मिनिटांत सगळं कळतं, आणि मग तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

दोन चक्रांच्या मधलं घर

उपचाराचा मोठा भाग घरी होतो. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात ताप म्हणजे आणीबाणी. आकडा पाठ करा: १००.४ फॅरनहाइट.

समजा तुम्ही जत तालुक्यातल्या वस्तीवर आहात, रात्रीचे अकरा वाजलेत, पोराचं अंग कोमट लागतंय. डिजिटल थर्मामीटर काखेत लावा, गुदद्वारात कधीच नाही. १००.४ किंवा वर आलं की पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. गोळीनं आकडा उतरतो, जंतू तसेच राहतात. गाडी काढा, नसेल तर १०८ ला फोन करा, आणि वाटेतच रुग्णालयाला कळवा. पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. रक्ताच्या रिपोर्टसाठी ते अडवून ठेवायचं नसतं.

वाटेत गावच्या डॉक्टरांकडं थांबलात तर तीन गोष्टी नको म्हणा: कंबरेतलं इंजेक्शन, कारण प्लेटलेट्स कमी असतात, आत रक्त साठतं आणि पू होतो. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक. आणि ताप झटकन उतरवणारं स्टेरॉइड. हे सगळं आधीच सोपं करायचा उपाय म्हणजे ‘तापाचं पत्र’. मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांकडून एका कागदावर रोगाचं नाव, शेवटच्या केमोची तारीख, कोणतं अँटिबायोटिक किती मात्रेत, आणि त्यांचा फोन नंबर लिहून घ्या. मिरज, कराड किंवा साताऱ्यातलं जे रुग्णालय रात्री गाठता येईल तिथं पोरगं ठणठणीत असतानाच एकदा जाऊन ते दाखवून या.

व्हिन्क्रिस्टिनची खूण पायात दिसते. पोरगं चालताना पुढचं पाऊल उचलत नाही, चप्पल निसटून मागं राहते, जिना चढताना बोटं अडखळतात. जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. पहिल्या डोसपासूनच संडास सैल ठेवणारं औषध विचारून घ्या आणि चप्पल निसटायला लागली की पुढच्या डोसआधी सांगा. तोंडात बुरशी आली म्हणून कुणी इट्राकोनाझोलसारखी गोळी दिली तर कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नका. तिच्यामुळं व्हिन्क्रिस्टिनची विषबाधा वाढते. व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, म्हणून घराजवळ घ्यायचं तरी ते प्रशिक्षित परिचारिकेकडूनच. आयफॉस्फामाइडच्या दिवसांत लघवी लाल झाली, किंवा पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, गुंगीत गेलं, तर लगेच कळवा.

खाण्याचा बाऊ नको. घरचं ताजं, शिजलेलं, गरम. उकळलेलं पाणी, उकळलेलं दूध, पूर्ण शिजलेलं अंडं, डाळ, भाकरी, शेंगदाण्याचा लाडू. रसवंतीचा रस आणि गाड्यावरचं भडंग काही महिने बंद. स्वयंपाकातली हळद चालते. भस्मं, काढे, कुणी दिलेल्या पुड्या नकोत, आणि दिलीच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

केमो चालू असताना आणि संपल्यावर काही महिने जिवंत विषाणूच्या लशी देत नाहीत. घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्या पोलिओच्या थेंबांआधीही विचारा. वर्गात गोवर-कांजिण्या निघाल्याचं कळलं तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. संपर्कानंतर जितक्या लवकर संरक्षणाचा उपाय होईल तितका तो कामाला येतो. यासाठी वर्गशिक्षकांना सगळं माहीत हवं. हा रोग संसर्गानं पसरत नाही हेही त्यांनीच वर्गाला सांगितलं तर पोरं जास्त ऐकतात.

उपचार संपल्यावर

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी जुन्या जागेची तपासणी आणि छातीचा फोटो, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. ठरलेली तारीख परीक्षेत आली तर पुढं-मागं करता येते, रद्द करता येत नाही. घराण्यात कमी वयात स्तनाचा, मेंदूचा किंवा हाडाचा कर्करोग झालेली आणखी माणसं असतील तर जनुकीय सल्ला घ्या. ली-फ्राउमेनी नावाच्या आनुवंशिक स्थितीत सार्कोमाचा धोका वाढतो. अंगावर दुधाळ-तपकिरी डाग आणि बऱ्याच गाठी असणारा न्यूरोफायब्रोमॅटोसिसही त्याच यादीत.

शेवटच्या भेटीत उपचारांचा एकपानी सारांश मागून घ्या: रोगाचं पूर्ण नाव, जनुकीय निष्कर्ष, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, रेडिएशन कुठं आणि किती ग्रे. त्यात डॉक्सोरुबिसिनचा एकूण आकडा असलाच पाहिजे, कारण त्याचा हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसू शकतो. या कागदाच्या दोन प्रती लॅमिनेट करा, एक घरात, एक पोराजवळ. पुढं कधीही भूल द्यायची वेळ आली, तालमीत परत उतरायचं ठरलं, किंवा मुलगी असेल तर तिला दिवस गेले, तर टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगणाऱ्या डॉक्टरांपुढं आधी हा कागद ठेवायचा.